‘डॉक्टर, तुम्ही आहात ना?’ – कर्करोगाचा रुग्ण डॉक्टरांकडे काय शोधतो



तुमच्या घरात, शेजारात किंवा सत्संगात कोणाला ना कोणाला कर्करोग झाल्याचे तुम्ही पाहिले असेल. अशी बातमी कळली की आपण लगेच विचारतो, ‘कुठे दाखवलं? डॉक्टर कोण? चांगले आहेत ना?’ या ‘चांगले’ शब्दात काय काय सामावलेले असते, याचा आज आपण मिळून विचार करू.

आपल्या बेंगळुरूत होसूर रस्त्यालगत किदवई कर्करोग संस्था आहे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत कर्नाटकाच्या कानाकोपऱ्यातून आणि शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येतात. त्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर भागांतली मराठी माणसेही असतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी स्टेशनवर उतरायचे. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात रिपोर्टांची फाइल. शहर नवे, रस्ते नवे आणि पोटात भीतीचा गोळा.

शहरातल्या कोणत्याही कर्करोग रुग्णालयाच्या बाकावर अर्धा तास बसून पाहा. माणसे आपापल्या डॉक्टरांबद्दल बोलत असतात. ‘ते खुर्ची ओढून बसतात.’ ‘मॅडमनी मला नावाने हाक मारली.’ ‘माझं म्हणणं पुरं होऊ दिलं.’ ‘खोटं बोलत नाहीत.’ ‘त्यांना मराठी येत नाही, पण दुखतंय का एवढं विचारायला शिकलेत.’ पदव्यांची उजळणी सहसा कोणी करत नाही.

याचा अर्थ ज्ञान महत्त्वाचे नाही, असा मुळीच नाही. चरकसंहितेत वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ पाहिलेला अनुभव, हाताचे कौशल्य आणि शुचिता. त्यांत ज्ञानाचा मान पहिला. रुग्णही ते गृहीत धरूनच आलेला असतो. पण त्याच ग्रंथात, त्याच अध्यायात, वैद्याची वृत्ती कशी असावी हेही सांगितले आहे. मैत्री, आर्त माणसाबद्दल करुणा, बरा होऊ शकेल अशा रुग्णाविषयी प्रीती आणि चौथी उपेक्षा. योगसूत्रांतल्या मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना तुम्हाला माहीत आहेतच. वैद्यालाही जवळजवळ तीच साधना सांगितली आहे. चौथ्या शब्दापाशी तुम्ही थोडे अडखळला असाल. त्याकडे आपण शेवटी येऊ.

शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

मराठीत शुश्रूषा म्हटले की डोळ्यांसमोर उशाशी बसलेली परिचारिका किंवा घरची आई येते. पण हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्याला नंतर जोडला गेला. ज्याला ऐकायचेच नाही त्याला सेवा कशी जमणार?

अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी दवाखान्यांतल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्ण आपली तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांतच डॉक्टर त्याला मध्ये तोडत होते. पुढे १९९९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांना डॉक्टर आणि रुग्ण यांच्या भेटीची चित्रफीत दाखवली. काहींना नेहमीची, तर काहींना अशी, की जिच्यात डॉक्टर थोडे थांबून म्हणतात, हे कठीण आहे हे मला समजते, या प्रवासात मी तुमच्यासोबत आहे. हा जास्तीचा भाग अवघ्या ४० सेकंदांचा होता. तो पाहिलेल्या स्त्रियांची चिंता कमी भरली आणि डॉक्टर त्यांना अधिक आपुलकीचे वाटले.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात याहून साधी गोष्ट तपासली गेली. वाईट बातमी सांगताना डॉक्टर उभे असावेत की बसलेले? चित्रफिती पाहिलेल्या रुग्णांना बसून बोलणारे डॉक्टर अधिक करुणाशील वाटले.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे खर्च आणि लाभ असे दोन रकाने आपोआप मनात पडतात. ४० सेकंद आणि एक खुर्ची. वैद्यकशास्त्रात एवढ्या कमी खर्चाचा उपचार दुसरा कोणता असेल? त्याला यंत्र लागत नाही आणि त्याचे दुष्परिणाम नाहीत.

तरीही तो दुर्मीळ का आहे? याचे उत्तर डॉक्टरांवर रागावून मिळणार नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरची रांग आठवा. आतल्या डॉक्टरांनी सकाळपासून कितीतरी जणांना तीच कठीण बातमी सांगितलेली असते. मन दगड झालेले नसते, दमलेले असते. प्राणायाम करताना आपण श्वास सोडून मगच नवा घेतो. आधीच्या रुग्णाचे दुःख सोडायला एक श्वास मिळाला, तर पुढच्या रुग्णासाठी मनात जागा होते. म्हणून डॉक्टरांनाही आपल्या सहानुभूतीची गरज असते, हे विसरू नका.

सत्य हवे, पण हात धरून

दुभाषा म्हणून रुग्णांसोबत जाणाऱ्या आमच्यासारख्या स्वयंसेवकांना एक प्रसंग वारंवार पाहायला मिळतो. डॉक्टर आत बोलावतात. त्याआधी दाराशीच मुलगा किंवा जावई हळूच सांगतो, ‘आईला कॅन्सर म्हणू नका हं. गाठ आहे एवढंच सांगा. तिला झेपणार नाही.’

एका सीमाभागातल्या मावशींच्या वेळी असेच झाले होते. डॉक्टरांनी मुलाचे ऐकून घेतले. मग खुर्ची मावशींकडे वळवली आणि विचारले, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? किती जाणून घ्यायला आवडेल?’ मी ते मराठीत सांगितले. मावशींनी आधी मुलाला पाणी आणायला बाहेर पाठवले. मग म्हणाल्या, ‘मला समदं कळलंय. फलकावर लिवलंय की बाहेर. पण लेकाला सांगू नका. तो खचंल.’

दोघे एकाच खोलीत राहत होते, एकाच डब्यातले जेवत होते आणि एकमेकांना वाचवण्यासाठी एकमेकांपासून लपत होते. खरे तर दोघेही एकटे पडले होते. त्या डॉक्टरांनी दोघांना शेजारी बसवले आणि मुलाच्या देखत मावशींना विचारले, ‘आता आपण तिघं मिळून बोलूया का?’ मावशी हो म्हणाल्या. पुढची दहा मिनिटे माझ्या भाषांतराची फारशी गरजच पडली नाही.

टोरांटोचे कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन यांनी वाईट बातमी कशी सांगावी, यावर आयुष्यभर काम केले. १९७९ मध्ये ते स्वतः गंभीर आजारी पडले होते, त्यामुळे पलंगावरून डॉक्टर कसे दिसतात हे त्यांना ठाऊक होते. २००० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली. ती थोडक्यात अशी : शांत जागा निवडा आणि बसा. रुग्णाला आधीच काय माहीत आहे ते विचारा. त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारा. मग सोप्या शब्दांत, थोडे थोडे सांगा. त्याच्या भावना उमटू द्या, त्यांना नाव द्या. आणि शेवटी, पुढे काय करायचे हे मिळून ठरवा.

यातली तिसरी पायरी आपल्यासाठी फार मोलाची आहे. सत्य रुग्णाच्या अंगावर फेकायचे नाही, तसेच ते त्याच्यापासून चोरायचेही नाही. त्याला विचारायचे. काही जण म्हणतील, ‘सगळं सांगा.’ काही म्हणतील, ‘माझ्या मुलीशी बोला, मला एवढंच सांगा की पुढच्या सोमवारी काय.’ दोन्ही उत्तरे आदराने ऐकायची. सत्य बोलावे आणि प्रिय बोलावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही दोन्ही एकत्र कशी नांदतात हे पाहायचे असेल, तर चांगल्या कर्करोगतज्ज्ञाचे बोलणे ऐकावे. आपल्या देशात २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण औपचारिकपणे आले आहे. पुढच्या पिढीचे डॉक्टर हे शिकूनच बाहेर पडतील, अशी आशा करू. पण घरातल्या माणसांसाठी असा अभ्यासक्रम नाही. तो आपल्यालाच करावा लागेल.

वेदना म्हणजे जाणणे

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूचा. कळ कशी आहे हे ज्याला कळ येते तोच जाणतो. स्कॅनमध्ये गाठ दिसते, दुखणे दिसत नाही. म्हणून दुखण्याच्या बाबतीत रुग्ण हा जाणकार आणि डॉक्टर हा विद्यार्थी. ‘एवढं दुखायला नको खरं तर’ हे वाक्य ऐकलेला रुग्ण दुसऱ्या दिवसापासून सांगणेच बंद करतो. ‘तुम्ही म्हणता तेवढं दुखतंय, मी मानतो’ हे ऐकले की निम्मा भार तिथेच उतरतो.

इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका. मरणासन्न रुग्णांसाठी काम करायचे म्हटल्यावर एका शल्यचिकित्सकाने त्यांना सल्ला दिला की आधी डॉक्टर हो, कारण अशा रुग्णांना सोडून जातात ते डॉक्टरच. त्यांनी तो मानला आणि १९५७ मध्ये, वयाच्या चाळिशीकडे झुकताना, त्या डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. माणसाचे दुखणे फक्त शरीराचे नसते, त्यात मनाचे, घरच्या काळजीचे आणि ‘माझ्या जगण्याला काय अर्थ होता’ या आत्मिक प्रश्नाचेही दुखणे मिसळलेले असते, हे त्यांनी वैद्यकाला ठसवून सांगितले.

शरीराच्या तीव्र दुखण्यासाठी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे साधे, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या वेदनांसाठी पायरीपायरीने औषधे देण्याची पद्धत सांगितली. पण आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीमुळे मॉर्फिन रुग्णालयांतून जवळजवळ दिसेनासे झाले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट बरीच सोपी झाली. तरी आजही घरचे लोक म्हणतात, ‘मॉर्फिन नको, सवय लागेल.’ तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने दिलेले मॉर्फिन हे औषध आहे. भीतीपोटी ते नाकारून आपण आपल्याच माणसाला कळांमध्ये ठेवतो.

इथे साधक म्हणून आपल्याला एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सत्संगातून रुग्णाला भेटायला गेलेले कोणी म्हणते, ‘कर्म भोगून संपवायचं असतं, सहन करा.’ कोणी म्हणते, ‘मनात नकारात्मकता साठली की गाठी होतात.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण आधीच घाबरलेल्या माणसाच्या हातात आपण अपराधाची आणखी एक पिशवी देऊन येतो. त्याने काय चूक केली म्हणून गाठ आली, हा निवाडा करायला आपल्याला कोणी बसवलेले नाही. तितिक्षा ही स्वतःसाठी करायची साधना आहे. दुसऱ्याच्या वेदनेसमोर एकच धर्म आहे, आणि तो म्हणजे ती कमी करणे.

परमहंस आणि त्यांचे डॉक्टर

‘आमचा विश्वास आहे, मग डॉक्टर कशाला?’ असाही प्रश्न कधी कधी येतो. त्यासाठी कोलकात्याकडे, १८८५ सालाकडे पाहू.

श्रीरामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला होता. उपचारांसाठी भक्तांनी त्यांना दक्षिणेश्वरहून शहरात श्यामपुकुरला आणले आणि डॉ. महेंद्रलाल सरकार यांना बोलावले. हे डॉक्टर म्हणजे कडक बुद्धिवादी. एम.डी. झालेले, पुढे होमिओपॅथीकडे वळलेले आणि १८७६ मध्ये विज्ञानाच्या प्रसारासाठी संस्था काढणारे. याच संस्थेत पुढे सी. व्ही. रामन यांनी त्यांचे जगप्रसिद्ध संशोधन केले. अवतार ही कल्पना डॉ. सरकारांना मान्य नव्हती आणि तसे ते भक्तांच्या तोंडावर सांगत. शिष्य दुखावत, वाद होत. श्रीरामकृष्ण मात्र त्यांची वाट पाहत.

का बरे? ‘श्रीरामकृष्ण वचनामृता’तले त्या महिन्यांचे संवाद वाचा, म्हणजे लक्षात येईल. डॉक्टर नाडी पाहून निघून जात नसत. तासन्‌तास बसत, वाद घालत, हसत, गाणी ऐकत. घशाला विश्रांती हवी म्हणून इतरांशी बोलायला मनाई करत आणि स्वतः मात्र बोलत बसत. फी घेणे त्यांनी थांबवले होते. त्यांच्या मनात नसलेली भक्ती त्यांनी कधी दाखवली नाही आणि असलेली माया लपवलीही नाही. १६ ऑगस्ट १८८६ ला परमहंसांनी देह ठेवला. औषधाने रोग हटला नाही. तरी त्या डॉक्टरांचे येणे वाया गेले, असे कोणी म्हणेल का?

रमण महर्षींच्या दंडावरील गाठीवर १९४९ या एका वर्षात चार शस्त्रक्रिया झाल्या. देह म्हणजे मी नव्हे, असे आयुष्यभर सांगणाऱ्या महर्षींनी डॉक्टरांना त्यांचे काम करू दिले. मग आपण कोणत्या अधिकाराने एखाद्या रुग्णाला ‘केमो सोड, ध्यान कर’ असे सांगतो? येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बरे होण्याजोग्या टप्प्यावर असूनही केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, रूढ उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे अडीच पट आढळला. ध्यान, श्वसन, भजन यांनी मन स्थिर होते, झोप सुधारते, उपचार सोसायला बळ मिळते. हे सगळे उपचारांच्या सोबत हवे, त्यांच्या जागी नको. आणि प्राणायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायला हवे, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर.

उपेक्षा या शब्दाचे दोन अर्थ

आता त्या चौथ्या शब्दाकडे येऊ. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. चरकसंहितेत मात्र ही वैद्याची एक वृत्ती आहे. ज्याचा देह आता निसर्गात परत जायला निघाला आहे, त्याच्यावर उपचारांचा हट्ट न धरणे, समभावाने पाहणे, असा तिचा आशय. शब्दाची फोडही पाहा : उप म्हणजे जवळ, ईक्ष म्हणजे पाहणे. उपचारांचा हट्ट सोडणे वेगळे आणि माणूस सोडणे वेगळे. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये हे सगळे अंतर भरलेले आहे.

कर्करोगाच्या रुग्णाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? मरणाची वाटतेच. पण त्याहून अलीकडची एक भीती असते. ‘आता आमच्याकडे करण्यासारखं काही नाही’ असे सांगून डॉक्टर फाइल बंद करतील, ही ती भीती. कालपर्यंत रोज येणारी माणसे आजपासून दाराबाहेरूनच विचारपूस करतील. त्या क्षणी ज्या डॉक्टरांनी म्हटले, ‘हा उपचार आता उपयोगी पडणार नाही, पण तुमचं दुखणं, तुमची झोप, तुमची धाप याकडे मी बघणार आहे, मी आहे,’ त्या डॉक्टरांना रुग्ण आणि त्याचे घर कधी विसरत नाही.

बेंगळुरूत हे काम एक संस्था कित्येक वर्षे करत आहे. १९९४ मध्ये बेंगलोर हॉस्पिस ट्रस्टची स्थापना झाली आणि १९९९ मध्ये मारतहळ्ळी परिसरात ‘करुणाश्रय’ हे शुश्रूषालय उभे राहिले. ज्यांचा कर्करोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, अशा रुग्णांची इथे विनामूल्य काळजी घेतली जाते. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक असतात. घरी जाऊन सेवा देणारी पथकेही आहेत. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या बांद्र्याला १९८६ मध्ये ‘शांती अवेदना सदन’ सुरू झाले. ते देशातले अशा प्रकारचे पहिले केंद्र. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून तर पुढे गल्लोगल्लीचे शेजारी स्वयंसेवक म्हणून उभे राहिले. रुग्णाला भेटणे, त्याच्या घरच्यांना तासभर मोकळीक देणे, औषध संपले का पाहणे, अशी साधी कामे ते करतात.

‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हटले की घरचे दचकतात. त्यांना वाटते, डॉक्टरांनी हात टेकले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेले १५१ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना त्यांच्या जोडीला सुरुवातीपासूनच ही वेदनाशामक, आधाराची काळजी मिळाली. दुसऱ्या गटाचे जगणे अधिक सुसह्य होते, उदासी कमी होती. शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर जोरकस उपचारांचा भडिमारही कमी झाला. तरीही ते जास्त जगले : मध्यमान ११.६ महिने, दुसरीकडे ८.९. सोबत मिळालेल्या माणसाचे दिवस फक्त मोजायचे उरत नाहीत, तो ते जगतो.

तुम्ही काय करू शकता

हे सगळे वाचून ‘डॉक्टरांनी असे वागावे’ एवढेच मनात राहिले, तर वाचन अपुरे राहील. रुग्ण डॉक्टरांना आठवड्यातून दहा मिनिटे भेटतो. उरलेला सगळा वेळ तो आपल्यासोबत असतो. डॉक्टरांकडून त्याला जे हवे, तेच त्याला आपल्याकडूनही हवे असते. म्हणून पुढच्या वेळी रुग्णाला भेटायला जाल तेव्हा एवढे करून पाहा.

१. दाराशी थांबा. तीन दीर्घ, सावकाश श्वास घ्या. मनात आणलेले सल्ले चपलांसोबत बाहेर ठेवा.

२. आत गेलात की बसा. पाच मिनिटेच थांबणार असाल, तरी बसा. मोबाइल खिशात राहू द्या.

३. त्याला बोलू द्या. तो गप्प राहिला तर तुम्हीही गप्प राहा. ध्यानात आपण शांततेला घाबरत नाही, मग इथे का घाबरायचे?

४. दुखणे सांगितले तर ते खरे माना आणि डॉक्टरांच्या कानावर जाईल असे पाहा. कळ कधी येते, किती वेळ राहते, झोप लागते का, हे एका वहीत लिहून ठेवायला घरच्यांना मदत करा. प्रश्नही त्याच वहीत लिहून न्या. डॉक्टरांचा वेळ वाचेल आणि तुमचे काही राहून जाणार नाही.

५. आजार लपवायचा की नाही, हे रुग्णाच्या पाठीमागे ठरवू नका. ‘तुला किती जाणून घ्यायचंय?’ हे प्रेमाने त्यालाच विचारा.

६. चमत्काराच्या गोष्टी, नव्या काढ्याचे मेसेज आणि ‘अमक्याला असंच झालं होतं’ हे सगळे तुमच्याकडेच ठेवा.

७. निघताना ‘काही लागलं तर सांगा’ असे मोघम म्हणू नका. ‘गुरुवारी चार वाजता येते, डबा आणते’ असे सांगा आणि गुरुवारी चार वाजता जा.

आणि डॉक्टरांसाठीही एक गोष्ट करा. ज्यांनी तुमच्या माणसाला बसून ऐकले, खरे सांगितले आणि शेवटपर्यंत पाठ फिरवली नाही, त्यांना तसे सांगा. रुग्ण बरा झाला असेल तर पेढे देऊन सांगा. रुग्ण गेला असेल, तर दिवसकार्य आटोपल्यावर एकदा जाऊन सांगा. दुसऱ्या प्रकारचे आभार डॉक्टरांच्या वाट्याला फार कमी येतात आणि उद्याच्या रांगेतल्या रुग्णासाठी त्यांचीच जास्त गरज असते.

आजच्या ध्यानानंतर डोळे मिटलेलेच ठेवा आणि तुमच्या ओळखीतला एक रुग्ण आणि त्याचे डॉक्टर, दोघांनाही मनासमोर आणा. रुग्णाची वेदना शांत होवो, डॉक्टरांचा थकवा उतरो, त्यांचे हात स्थिर राहोत आणि मन कोमल राहो, अशी प्रार्थना करा. मग डोळे उघडून त्या रुग्णाला फोन लावा आणि कधी येताय ते सांगा.